खिशातला फ्यूज

मार्चमधला शनिवार होता. गाडी दिवा सोडून ठाण्याच्या दिशेने निघाली होती आणि मी दारापासून तिसऱ्या रांगेत एका हाताने वरची कडी धरून उभा होतो. खिशातला फोन थरथरला. परळच्या आमच्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत, संगणकांच्या खोलीतल्या भिंतीवरच्या बोर्डावर चालणारा नेटवर्क स्विच, म्हणजे संगणकांना एकमेकांशी जोडणारी पेटी, गप्प झाल्याची ती सूचना होती. सकाळची साडेआठची वेळ म्हणजे उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची गर्दी; तो स्विच बंद म्हणजे नोंदणीच्या टेबलावरचे तिन्ही संगणक मुके आणि बाहेर जिन्यापर्यंत रांग. मी अंगठ्याने पान उघडले. रॅकमध्ये, म्हणजे यंत्रे ठेवायच्या मांडणीत, आठ सॉकेटांची एक पट्टी आहे, तिला आम्ही पीडीयू म्हणतो; तिचे प्रत्येक सॉकेट दुरून चालू-बंद करता येते. आठ ओळींपैकी पाचवी करडी दिसत होती, बाकीच्या सात हिरव्या. पाचवीसमोरचे ‘चालू’ दाबले, दोन सेकंदांत तीही हिरवी झाली. फोन खिशात टाकला, कडी धरलेला हात बदलला, आणि एक काम गाडीतल्या गाडीत उरकल्याचे समाधान घेऊन ठाण्याची वाट पाहू लागलो.

ठाणे यायच्या आधीच सहकारी मुलीचा फोन आला. “सर, पाच नंबर तुम्ही चालू केलात का?” मी हो म्हणालो. पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, “सर, आत वायरमनकाका आहेत.”

काकांचा हात तारेपासून वीतभर अंतरावर होता.

झाले होते ते असे. आदल्या संध्याकाळी त्या भिंतीवरच्या बोर्डाजवळ बॅकेलाइट जळल्याचा वास येऊ लागला होता. हा वास एकदा नाकात बसला की माणूस तो आयुष्यभर विसरत नाही. सॉकेटमधला स्क्रू ढिला पडून तार तापली होती आणि सॉकेटची एक कड करपून तपकिरी झाली होती. तो बोर्ड पीडीयूच्या पाचव्या सॉकेटमधून वीज घेत असे, कारण काही वर्षांपूर्वी मीच तसे जोडून घेतले होते. सकाळी काका आले तेव्हा सहकारी मुलीने नियमाप्रमाणे पाचवे सॉकेट तिच्या संगणकावरून बंद केले. काकांनी टेस्टर लावून खात्री केली, बोर्ड उघडला, करपलेले सॉकेट काढले आणि पक्कड घ्यायला पिशवीकडे वळले. तेवढ्यात मागे रॅकमध्ये ‘टक’ असा बारीक आवाज झाला. तो पीडीयूमधल्या रिलेचा, म्हणजे विजेने हलणाऱ्या खटक्याचा, आवाज होता, आणि तो ओळखण्याचे त्यांना काहीच कारण नव्हते. पण दोन मिनिटांपूर्वीच तपासलेल्या तारेला हात लावण्याआधी त्यांनी सवयीने पुन्हा टेस्टर टेकवला, आणि टेस्टरमधला केशरी ठिपका पेटला.

मी पोहोचलो तेव्हा ते बाहेरच्या स्टुलावर बसून बशीतून चहा पीत होते. साठी उलटलेला किरकोळ अंगाचा माणूस, शर्टाच्या खिशाला पेनासारखा अडकवलेला टेस्टर. मी म्हणालो, “काका, चूक माझी आहे.” त्यांनी बशी खाली ठेवली. आवाज चढवला नाही. “साहेब, चालू करायचं तर करा की. पण सांगून करायचं.”

या घटनेला आता बरेच महिने झाले आहेत. कोणाला काही झाले नाही, म्हणून कार्यालयात तिची पुन्हा चर्चाही झाली नाही. माझ्या मनातून मात्र ती जात नाही. त्या पानावर मला जे दिसत होते ते सगळे खरे होते: पाचवे सॉकेट बंद, प्रवाह शून्य अँपिअर. ते का बंद आहे हे मात्र तिथे कुठेच लिहिलेले नव्हते, आणि ते विचारण्याची गरज मला वाटली नव्हती.

दुरून वीज हाताळण्याची ही सोय मी हौसेने केली नव्हती. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसाने ती करायला लावली. त्या दिवशी गाड्या जागच्या जागी थांबल्या, हिंदमाताला पाणी भरले आणि दुपारी आमचा रिपोर्टांचा सर्व्हर अडकला. मी डोंबिवलीत, प्रयोगशाळा परळमध्ये, आणि मध्ये सगळे शहर पाण्यात. इमारतीच्या पहारेकऱ्याला फोन करून मी त्या खोलीत जायला सांगितले. “वरून तिसरं यंत्र, निळा दिवा लुकलुकतोय ना, त्याच्या बाजूचं बटण पाच सेकंद दाबून धर.” तो म्हणाला, “साहेब, इथं सगळ्यांचेच दिवे लुकलुकतायत.” अर्धा तास आम्ही दोघे फोनवर दिव्यांचे रंग एकमेकांना सांगत होतो. शेवटी त्याने बटण दाबले ते शेजारच्या चांगल्या चालणाऱ्या यंत्राचे. गुडघाभर पाण्यातून तो माझ्या शब्दाखातर आला होता, चूक त्याची नव्हती. त्या रात्री मी ठरवले की त्या बटणापर्यंत पोहोचण्यासाठी पुन्हा कोणाला पाण्यातून चालायला लावायचे नाही.

सुरुवात सगळे करतात तशी वेक-ऑन-लॅनपासून, म्हणजे बंद संगणकाला नेटवर्कवरून उठवण्यापासून, केली. १९९५ मध्ये एएमडी आणि ह्यूलेट-पॅकार्ड या कंपन्यांनी पुढे आणलेली ही कल्पना मला अजूनही लोभस वाटते. संगणक बंद केला तरी पूर्ण बंद होत नाही. भिंतीतली वीज चालू असेल तर त्याचा एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, पाच व्होल्टची एक बारीक धार वाहती ठेवतो आणि तेवढ्यावर नेटवर्क कार्ड कान टवकारून बसलेले असते. त्याला उठवणारा संदेश अवघा १०२ बाइटचा असतो. आधी सहा बाइट एकाच ठराविक खुणेचे, आणि मग त्या कार्डाचा सहा बाइटचा पत्ता, सलग सोळा वेळा. लालबागच्या आमच्या चाळीत चौकात उभे राहून एखाद्याला हाक मारावी तसे आहे हे. हाक सगळ्या खोल्यांत ऐकू जाते, पण उठून कठड्याशी येतो तो ज्याचे नाव असेल तोच. आणि चाळीतल्या हाकेसारखीच तिची मर्यादा आहे: ती फाटकाबाहेर जात नाही. राउटर अशी सार्वत्रिक हाक सहसा पुढे जाऊ देत नाही, म्हणून डोंबिवलीतून ओरडून परळचे यंत्र उठत नाही. त्यासाठी मी आत रास्पबेरी पाय नावाचा एक तळहाताएवढा संगणक कायम जागा ठेवला. मी बाहेरून त्याला सांगायचे आणि त्याने चौकात उभे राहून हाक द्यायची. हे झोपलेल्या यंत्रासाठी ठीक होते. अडकून पडलेल्या यंत्राला मात्र हाकेचा उपयोग नसतो, आणि हाक पोहोचली की नाही याचे उत्तरही येत नाही.

म्हणून पुढे सर्व्हरच्या पोटातल्या दुसऱ्या छोट्या संगणकाकडे वळलो. चांगल्या सर्व्हरमध्ये बीएमसी नावाचा एक स्वतंत्र नियंत्रक असतो. मोठे यंत्र बंद असो, अडकलेले असो, वायर भिंतीत आहे तोवर हा जागा असतो. त्याला स्वतःची नेटवर्कची खाच असते, तो तापमान सांगतो, पंख्यांचे फेरे मोजतो आणि बटण दाबल्यासारखे यंत्र चालू-बंद करतो. त्याच्याशी बोलायची आयपीएमआय ही पद्धत १९९८ मध्ये इंटेल, डेल, एनईसी आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी मिळून ठरवली. एवढे अधिकार असलेला हा दरवाजा इंटरनेटवर उघडा ठेवणे म्हणजे घराची किल्ली पायपुसण्याखाली ठेवण्यासारखे आहे, आणि तरीही कारखान्यातून आलेल्या पासवर्डासकट तो उघडा ठेवलेला मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. आमच्याकडे त्याचे जाळे वेगळे केले आणि आत शिरायची वाट फक्त व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या बंदिस्त खासगी मार्गातून, ठेवली. या कामात ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त वेळ खर्च करावा असे मला वाटते ती हीच.

आणि मग पीडीयू. ज्यांना बीएमसी नाही, असा राउटर, स्विच, जुना संगणक, बाहेरगावच्या केंद्रांना जोडणारा मोडेम, या सगळ्यांवर शेवटचा उपाय वायर काढून पुन्हा लावण्याचाच असतो, आणि पीडीयूमधला रिले तेच करतो. ही पट्टी आठही सॉकेट एकदम चालू करत नाही. एकामागून एक, मध्ये थोडा थोडा श्वास घेत चालू करते, कारण एसएमपीएस सुरू होताना पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढतो आणि सगळे एकदम उठले तर वरचा एमसीबी पडतो. क्रमही आपण ठरवायचा असतो. आधी राउटर, मग डेटा साठवणारे यंत्र, मग डेटाबेस, शेवटी रिपोर्टांचा सर्व्हर. आणि बंद करताना बरोबर उलट. एकदा राउटर ज्या सॉकेटवर होता तेच मी दुरून ‘बंद’ केले होते. आपण बसलेली फांदीच तोडली गेली. ‘चालू’ सांगायला वाटच उरली नाही आणि रात्री साडेदहाची गाडी पकडून परळला जावे लागले. तेव्हापासून राउटरसमोर ‘बंद’ हे बटण ठेवलेलेच नाही. ‘बंद करून दहा सेकंदांनी स्वतः चालू कर’ एवढेच ठेवले आहे, ते पट्टी आतल्या आत पार पाडते.

१२ ऑक्टोबर २०२० च्या सोमवारी सकाळी मुंबईची वीज गेली तेव्हा या सगळ्याची खरी परीक्षा झाली. गाड्या पुन्हा थांबल्या. यूपीएसने नेमून दिल्याप्रमाणे सर्व्हरना वेळेत नीट झोपवले आणि नंतर स्वतःही मान टाकली. काही तासांनी परळमध्ये वीज आली, राउटर उठला, पीडीयू उठली, आठही ओळी हिरव्या झाल्या, आणि तरी एकही सर्व्हर उठला नाही. कारण शोधायला मला बराच वेळ लागला. वीज परत आल्यावर काय करायचे याची एक सेटिंग बायॉसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रणालीत, असते, आणि आमच्या यंत्रांवर ती ‘आधीच्या स्थितीत जा’ अशी होती. ऐकायला ती शहाणपणाची वाटते. पण यूपीएसने त्यांना व्यवस्थित बंद केले होते, म्हणजे त्यांची आधीची स्थिती ‘बंद’ हीच होती, आणि ती आज्ञाधारकपणे बंदच राहिली. मग एकेका बीएमसीला सांगून सगळी उठवली आणि दुसऱ्याच दिवशी सेटिंग ‘नेहमी चालू हो’ अशी बदलली. टाळेबंदीचे दिवस होते, रिपोर्टांची लोक श्वास रोखून वाट पाहत होते. त्या दुपारी डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून फोनवर चार ओळी हिरव्या होताना पाहिल्या तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

त्या दिवसापासून मी बटणांवर फार विश्वास टाकू लागलो असेन.

वायरमनकाकांच्या त्या एका वाक्याने मला बाबा आठवले. बाबा गिरणीत वायरमन होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. त्यानंतर गिरणीचा भोंगा त्यांच्यासाठी पुन्हा वाजला नाही आणि ते लालबाग-परळच्या चाळींतून खासगी वायरिंगची कामे करू लागले. सुट्टीत मी त्यांची पिशवी धरायला जात असे. काम कुठलेही असो, बाबा आधी जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत जात. तिथे अंधार असे, चुन्याचा आणि उंदरांचा वास येई. बॅटरीच्या उजेडात ते नेमका मीटर शोधत, मेन स्विच खाली करत, आणि त्यानंतर चिनी मातीची पांढरी किटकॅट, म्हणजे फ्यूज बांधलेला तो वरचा तुकडा, चिमटीत धरून खेचून काढत. दोन टोकांना पितळी पाती, मध्ये स्क्रूखाली आवळलेली केसासारखी तार. ते तो तुकडा पिशवीत ठेवत नसत, माझ्याकडेही देत नसत. खाकी पँटच्या उजव्या खिशात टाकत आणि मगच वर जात.

मी एकदा विचारले होते की स्विच खाली केला आहे, मग हे कशाला. बाबा म्हणाले, “पाटी लावली तर लोक वाचत नाहीत. खटका खाली केला तर कोणीतरी येतो नि वर करतो, त्याला वाटतं लाइट गेलीय. किटकॅट माझ्या खिशात असली की कोणाचा बाप चालू करू शकत नाही.” एका रात्री जेवायला बसताना खिशात काही टोचले म्हणून त्यांनी हात घातला तर किटकॅट निघाली. काम संपवून जोडणी पाहण्याच्या नादात ती परत लावायची राहून गेली होती, आणि पलीकडच्या चाळीतले एक घर संध्याकाळपासून अंधारात होते. ताटावरून तसेच उठून ते गेले. आईला जाता जाता म्हणाले, “लोकांचा उजेड खिशात घेऊन आलो बघ.”

त्या शनिवारी पाचवी ओळ करडी दिसल्यावर कोणीतरी येऊन खटका वर करणारा तो माणूस मी होतो. लाइट गेली आहे असेच मला वाटले होते. आणि मी केलेल्या रचनेत काकांच्या खिशात टाकण्यासारखे काहीच नव्हते.

नंतर मी ती पट्टी तिच्या माहितीपुस्तिकेसह पुन्हा नीट पाहिली आणि अंगावर काटा आला. आमच्या पट्टीतला रिले फक्त एक तार तोडतो, फेजची. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झालेली सॉकेट पैशाला पासरी सापडतात. तिथे अशी पट्टी लावली तर ओळ करडी दिसेल आणि तारेत वीज जिवंतच असेल. शिवाय रिलेचे संपर्क कधीकधी एकमेकांना चिकटून बसतात. सॉफ्टवेअरने ‘बंद’ सांगितलेले असते आणि आतले पितळ हललेलेच नसते. म्हणजे रिले हे यंत्र बंद करण्याचे साधन आहे. माणसाने हात घालावा इतकी वीज तोडण्याचे ते साधन नव्हे. मोठ्या कारखान्यांत याला लॉकआउट-टॅगआउट म्हणतात आणि काम करणारा प्रत्येक जण खटक्यावर स्वतःचे कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवतो. आम्ही संगणकवाले व्होल्टशी रोज खेळतो, पण स्वतःला वीजकामगार समजत नाही, म्हणून हा धडा आमच्याकडे पोहोचतच नाही. दुरून वीज देण्याची सोय करून देणाऱ्या प्रत्येकाला मला हे हात जोडून सांगावेसे वाटते.

आधी मी सॉफ्टवेअरमध्येच उपाय केला. सॉकेट बंद करणाऱ्याने आपले नाव, फोन आणि कारण लिहून ते अडकवून ठेवायचे. त्याने सोडवल्याशिवाय ‘चालू’ दाबता येत नाही. काकांना बोलावून दाखवले. त्यांनी चष्मा वर करून पडदा पाहिला आणि विचारले, “याची किल्ली कोणाकडे?” मी म्हणालो, तशी किल्ली नाही, पासवर्ड आहे. “तो तुमच्याकडे पण असेल ना?” होता. सगळेच अधिकार माझ्याकडे होते. ती अडकवणी मी काढली नाही, कारण आम्हा दोघातिघांना एकमेकांचे काम कळण्यासाठी ती चांगली आहे. पण तिच्या भरवशावर कोणी तारेला हात लावायचा नाही, हे त्याच पानावर वर लिहिले. भिंतीवरचा बोर्ड पीडीयूवरून कायमचा काढला. काकांनीच त्याला मुख्य पेटीतून वेगळी लाइन ओढली, दोन्ही तारा एकदम तोडणारा दोन पोलचा एमसीबी बसवला आणि त्यावर कुलूप अडकवता येईल अशी पत्र्याची पट्टी लावली. आणि रॅकमधल्या यंत्राच्या मागे हात घालायचा असेल तर त्याची वायर सॉकेटमधून उपसून समोर डोळ्यांदेखत ठेवायची, असे ठरले. नेटवर्क स्विच अडकला तर आता तिथे जाऊनच चालू करावा लागेल, हे मी मान्य करून टाकले. पाऊस असो, रांग असो, या एका ठिकाणापुरते दुरून बटण नको.

गेल्या महिन्यात त्या बोर्डावर आणखी एक सॉकेट वाढवायचे होते. मी घरी होतो. सव्वाअकराला फोन थरथरला: स्विच गप्प झाला होता. मी पान उघडले. त्याच्या ओळीसमोर बटण नव्हते, रिकामी जागा होती. अंगठा तिथे जाऊन थांबलाच, इतकी ती सवय मुरलेली आहे. काकांना फोन करावा असे वाटले, मग वाटले की त्यांचे हात कामात असतील. नोंदणीच्या टेबलावरून मात्र एक फोन येऊन गेला, दुसरा आला. मी त्यांना थोडा वेळ हाताने पावत्या लिहायला सांगितले. खोलीतले दृश्य मला इथून दिसत नव्हते. पेटीच्या कुलपाची पितळी किल्ली कोणाच्या तरी शर्टाच्या खिशात टेस्टरशेजारी असेल, एवढे माहीत होते.

बाराला पाच मिनिटे असताना फोन वाजला.

“साहेब, झालं काम. आता चालू करतोय हं, म्हणून सांगितलं.”